लांडगिणीची जागा

"हात नको लावू. मिरचीचा धूर केलाय आत," बानाबाई म्हणाली.

तनुजाने हात मागे घेतला. बिळाच्या तोंडात दगड गच्च ठासले होते आणि राखेला अजून ठसका होता. आत लांडगिणीची पिल्लं होती. म्हणजे आठवड्यापूर्वी तरी होती.

देवगाव रंगारीच्या या माळावर बानाबाईची मेंढरं चरतात आणि तनुजा गारखेड्याहून स्कूटीवर येते. मेंढपाळ, शेतकरी, कॉलेजची पोरं, सगळ्यांनी माळावर जे जनावर दिसेल ते मोबाइलच्या ग्रुपवर कळवायचं, वर्षानुवर्षं. म्हणजे कोण टिकलं, कोण गेलं ते कळेल आणि माळ राखता येईल, ही तनुजाची कल्पना. बानाबाईला ती मनापासून पटली होती. म्हणून तर तिने सासऱ्याचा शब्द मोडला. लांडग्याने नेलेलं कोकरू हा त्याचा वाटा, आणि लांडगीण जिथं व्याली ती जागा कुणाला सांगायची नाही, असं म्हातारा बजावून गेला होता. बानाबाईने ती तनुजाला सांगितली. तनुजाने आनंदाच्या भरात नकाशासकट ग्रुपवर टाकली. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या म्हणतात, ते हेच.

"कोणी केलं असेल, मावशी?"

"म्या काय नाव घेऊ? तुह्या गुरुपातलंच कोणीतरी."

"मला वाटलं, सगळे मिळून जपतील."

"मला बी तसंच वाटलं." बानाबाईने पदर तोंडाला लावला. धुराचं निमित्त बरं होतं.

माळ गप्प होता. कुत्री भुंकायची सोडून मेंढरांना चिकटून चालत होती. ओढ्याच्या ओल्या मातीत दोघी थबकल्या. ताजे ठसे होते, मोठे, आणि त्यांच्या मागे अगदी इवले. एक पिल्लू वाचलं होतं.

तनुजाचा मोबाइल वाजला. खालच्या मळ्यातल्या नानासाहेबांनी ग्रुपवर विचारलं होतं, 'आज काही दिसलं का?' त्यांच्या शेळ्या यंदा लांडग्याने नेल्या होत्या. पाठोपाठ आणखी दोघांनी तेच विचारलं. आजवर या मंडळींनी ग्रुपवर कधी चकार शब्द काढला नव्हता.

तनुजाने मेसेज वाचून दाखवले. बानाबाईने काठी उगारली, मेंढरं वळवली आणि सगळा कळप त्या ठशांवरून पलीकडे नेला. मग पुन्हा अलीकडे आणला. चिखलात नुसते खूर उरले.

"मग काय कळवू, मावशी?"

"नाय दिसलं काय."

तनुजाने तेच लिहिलं. इतक्या वर्षांतली ती पहिली खोटी नोंद होती. ती पाठवून तिने मोबाइल बंद केला.