भात्याच्या बाजूने

कडावच्या शाळेत एक पेटी होती आणि ती वाजवणारे एकटे मालोजी मास्तर होते. आजूबाजूच्या शाळांकडे छड्या होत्या, नकाशे होते, एका शाळेत तर पृथ्वीचा गोलसुद्धा होता. पण पेटी कुठेच नव्हती. त्यामुळे मास्तरांचा तोरा काही विचारू नका. कर्जतच्या बाजारात कुणी भेटलं की प्रकृतीची चौकशी मागून, आधी पेटीचं निघायचं.

खोट एकच होती. लहानपणी आंब्यावरून पडल्यापासून मास्तरांचा डावा हात कोपरात वाकत नसे. उजव्या हाताने पट्ट्या दाबायच्या तर पेटीच्या पाठीमागचा भाता हलवायचा कुणी? म्हणून पेटीच्या पलीकडे, मास्तरांच्या समोरासमोर, एक मूल बसवायचं आणि त्याने भाता मारायचा. आधी मुलगे बसवून झाले. ते असा भाता हाणत की सुराला उचकी लागायची. मग दोन वर्षांपूर्वी बुधाजीच्या बायजाला बसवलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. घरी आईसोबत भात कांडणारी पोर, हाताला ठेका होता. तिचा भाता एकसारखा चाले, आणि प्रार्थनेची ओळ वर चढायची असली की मास्तरांचं बोट पोचायच्या आधीच तिच्या हाताचा जोर वाढलेला असे. मास्तरांना ते फार सोयीचं वाटे. सोयीपलीकडे त्यांनी विचार केला नाही, आणि घोड्याने पेंड खाल्ली ती इथेच.

१९४६ सालच्या मार्चात मास्तरांची नोकरी संपायची होती. शिमगा तोंडावर आला असताना वरून कागद आला: आपल्यामागे शाळेत पेटी वाजवणारं कुणी नसेल तर ती खालापूरकडच्या एका शाळेला देण्यात येईल, तिथे नवीन मास्तर आले आहेत आणि त्यांना पेटी येते, शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब अकरा तारखेला सोमवारी येऊन स्वतः पाहतील.

मास्तरांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. पेन्शनीचं त्यांना काही नव्हतं. पण बारा वर्षं रोज सकाळी या पोरांसमोर आपण वाजवत आलो, आणि आपण उठलो की मागे चिमणीएवढाही सूर राहू नये? पेटी बैलगाडीत घालून नेतायत आणि आपण दारात उभे आहोत, हे चित्र काही केल्या त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग सुरू झाली शिकवणी. मास्तरांनी सातवीतले दोन मुलगे निवडले, मोरू आणि पोशा. का निवडले? तर ते मुलगे होते, मोठे होते, आणि मास्तरांच्या मते पेटी हे मुलग्यांचं काम होतं. मोरू पेटीला इतका घाबरायचा की पट्टीला बोट लावून लगेच उचलायचा. पोशा कशालाच घाबरत नसे, त्यामुळे तो कुठेही बोट घालायचा. मास्तर छडीच्या टोकाने पट्टी दाखवत, ओरडत, कपाळावर हात मारून घेत. पलीकडे बायजा मुकाट्याने भाता मारत असायची. पोशा चुकला की ती डोळे गच्च मिटून घ्यायची. मास्तरांना वाटायचं, पोरीला झोप येतेय.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पोशाने प्रार्थनेची अशी काही वाट लावली की मास्तरांनी त्याचा हात धरून बाजूला केला.

"पुरे! उठा. गेली पेटी खालापूरला, समजा. तुमच्या कानांत काय कापूस भरलाय?"

दोघं पोरं खाली मान घालून उठली. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "गुर्जी, मी वाजवू?"

मास्तरांनी पाहिलं तर बायजा.

"तू?"

"मला येतंय. समदी प्रार्थना येतीय."

पोशा फिदीफिदी हसला. मास्तरांनी काय म्हणून कोण जाणे, पण जागा करून दिली. बायजा पेटीला वळसा घालून मास्तरांच्या जागी आली, मांडी घालून बसली, पुढे वाकून भात्याला हात लावला आणि पट्टी दाबली. भलताच सूर निघाला. तिने पुढची दाबली. चाल वर जायची तिथे खाली गेली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तसंच. आता मोरूही हसायला लागला.

"अगं, थट्टा करतेस काय माझी?" मास्तर कडाडले. "इथे माझा जीव चाललाय आणि तुला खेळ सुचतोय? भाता मारतेस तेवढं पुष्कळ आहे. ऊठ!"

बायजा उठली. रडली नाही. पाटी घेऊन बांधाबांधाने घराकडे चालू लागली.

रविवारी सकाळी मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: पोरगी रुसून उद्या आलीच नाही तर? मोरूने किंवा पोशाने डेप्युटीसमोर बोट लावायचं तर भाता कोण मारणार? खरं सांगायचं तर मास्तर तिची समजूत काढायला गेले ते या स्वार्थापायी. पायांत वहाणा सरकवल्या आणि बुधाजीच्या घरी पोचले.

बुधाजी शेतावर गेला होता. अंगणात त्याची बायको आनंदीबाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मास्तरांना पाहून ती डोक्यावरचा पदर सावरत उठली.

"गुर्जी, पोरीचं काय चुकलं का? काल धरनं धड जेवली नाय. पडवीत बसलीय बघा, पाट घेऊन."

बायजा पडवीत भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात जेवायचा पाट. मास्तर आल्याचा तिला पत्ताच नव्हता. ओठांत गुणगुणत ती पाटावर बोटं नाचवत होती. मास्तर खोकले तशी ती दचकली आणि पाट लपवू लागली.

"राहू दे, राहू दे," म्हणत मास्तर तिच्या समोर, पाटाच्या अलीकडे उकिडवे बसले.

पाटावर कोळशाने पेटीच्या पट्ट्या काढल्या होत्या. काळ्या पट्ट्या दाट रंगवलेल्या, आधी दोन, मग तीन, पुन्हा दोन. मास्तरांची नजर डावीकडून उजवीकडे गेली. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांच्या पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा टवका उडाला होता. पोरीने तोही काढला होता.

"वाजव बघू," ते म्हणाले.

बायजाने खाली मान घालून बोटं ठेवली. आवाज कसला यायचा! पण मास्तर बघत होते. तिचं बोट बरोबर सा वर पडलं. मग रे. मग ग वर जाऊन परत फिरलं. त्यांच्या बाजूने पाहावं तर एक बोट चुकत नव्हतं. आणि आपल्या बाजूने पाहावं म्हणजे काय, हे मास्तरांच्या ध्यानात आलं तेव्हा ते मटकन खालीच बसले.

पोरीने पेटी आयुष्यात कधी अलीकडून पाहिलीच नव्हती. दोन वर्षं ती भात्याच्या बाजूला बसली आणि जे दिसलं ते तसंच्या तसं शिकली. आपल्या डावीकडे जे, ते तिच्या उजवीकडे. काल आपण तिला आपल्या जागी बसवली आणि तिची सगळी विद्याच पालथी पडली.

"बायजा, चल शाळेत."

"भाता माराया?"

"नाही गं. पेटी वाजवायला."

आनंदीबाईने हातातली शेंग खाली ठेवली. "गुर्जी, पोरीच्या जातीनं पेटी वाजवायची? लोकं काय म्हणतील? तमाशात घालायची हाय का, असं म्हणतील."

"लोकांना मी बघून घेतो," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही पण चला. तुम्हीच ऐका आणि मग मला सांगा."

शाळेत मास्तरांनी पेटी काढली. बायजा आपल्या नेहमीच्या जागी, भात्याच्या बाजूला, गुडघ्यांवर बसली. डाव्या हाताने भाता धरला, पेटीवरून ओणवी होऊन उजवा हात पलीकडच्या पट्ट्यांवर नेला. आणि प्रार्थना वाजली. सबंध वाजली. आनंदीबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने पदर तोंडाला लावला. मास्तरांनी ते 'हो' म्हणून धरलं.

सोमवारी डेप्युटीसाहेब कर्जतहून सायकलने आले. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. त्यांनी हजेरी पाहिली, पाढे विचारले, मग पेटीकडे बोट केलं.

"कोण वाजवणार?"

बायजा पेटीच्या पाठीमागे जाऊन बसलेली पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. मास्तरांनी हात जोडले. "साहेब, आधी ऐकून घ्या. कशी बसलीय ते मागून विचारा."

प्रार्थना झाली. साहेबांनी डोळे उघडले. "आणखी काही येतं?"

शाळेत दुसरं काही वाजतच नव्हतं. पण बायजाने क्षणभर विचार केला आणि भाता पुन्हा हलू लागला. आवणात, चिखलात वाकून भाताची रोपं लावताना बायका म्हणतात ते गाणं होतं. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. पोरगी उचलणारीची ओळ वरच्या सुरात घेत होती आणि झेलणाऱ्यांची खाली. हे मास्तरांनी कधी वाजवलं नव्हतं. वाजवता येतं हेही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. वर्गातली पोरं आपोआप डोलू लागली, मागच्या रांगेत दोघी मुली म्हणूही लागल्या. मास्तरांना अभिमान वाटला. पण तेवढंच नव्हतं. त्यांना शरम वाटत होती.

डेप्युटीसाहेब टेबलाशी गेले, शेरेबुक ओढलं आणि लिहिलं. मग वाचून दाखवलं: "पेटी याच शाळेत राहावी. मालोजी मास्तरांनी एका मुलीस पेटीवादन उत्तम शिकवले आहे."

उभ्या नोकरीत मास्तरांना 'उत्तम' हा शब्द कुणी लिहून दिला नव्हता. तो अखेरच्या महिन्यात मिळाला होता. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? त्यांनी बायजाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

"साहेब, ते खोडा."

"का?"

"मी हिला काही शिकवलं नाही. दोन वर्षं भाता मारायला बसवलं, बस्स. शिकवत होतो ते त्या दोघा मुलग्यांना. ही समोर बसून आपली आपण शिकली, म्हणून तर अशी उलटी वाजवते. परवा मला येतं म्हणाली तर मी तिच्यावर ओरडलो."

साहेबांनी शेरेबुकाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"शेऱ्यात खाडाखोड चालत नाही, मास्तर," ते म्हणाले. "आज अकरा तारीख. तुमच्या हाताशी वीस दिवस आहेत. शेरा खरा करा."

आणि टोपी घालून ते निघाले.

सायकल दिसेनाशी होईपर्यंत मास्तर दारात उभे राहिले. मग आत येऊन जाजमावर बसले आणि सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"बायजा, इकडे ये. माझ्या बाजूला. पोशा, तू भाता धर. आणि हळू रे बाबा, हळू."

बायजा पेटीला वळसा घालून आली. बसली. पट्ट्यांकडे बघत राहिली.

"गुर्जी, हितनं समदं उलटं दिसतंय."

"दिसू दे गं," मास्तर म्हणाले. "उलटं का होईना, तुला दिसतंय. मला तर दोन वर्षं समोर बसलेली तू दिसली नाहीस."

त्यांनी छडी शोधली नाही. तिचं बोट आपल्या हातात धरलं आणि अलगद सा वर ठेवलं.