माळवदावरचं सिमेंट

लातूरची भाड्याची खोली सोडून शेषेराव आणि केवळाबाई रेणापूरजवळच्या गावी आले, ते वडिलांचं लाकूड-मातीच्या सपाट छताचं, माळवदाचं घर नीट करून तिथंच राहायचं म्हणून. पैसा बेताचाच होता. दरवर्षी माळवदावर पांढरी माती टाकायची कटकट नको, म्हणून शेषेरावांनी जुन्या मातीवरच सिमेंटचा थर टाकून घेतला.

गवंडी व्यंकटी म्हणाला होता, "मामा, आधी माती उतरवा. लाकडाला एवढं वजन झेपायचं न्हाई."

"माती उतरवायची मजुरी तू देतूस का?" शेषेराव हसले होते.

दहाव्या दिवशी सकाळी तुळई कडाडली. केवळाबाई चुलीपुढून उठून कशाबशा अंगणात आल्या आणि त्यांच्या मागं छत खाली बसलं.

व्यंकटीनं उरलेली लाकडं ठोकून पाहिली. "समदी तडकलीत, मामा. आता आत पाय टाकू नका."

केवळाबाईंनी विचारलं, "लातूरच्या खोलीत कुणी आलं असंल का हो?"

"परवाच आलं," शेषेराव म्हणाले.

त्यांनी ढिगातली माती मुठीत घेतली. ती चिखलासारखी ओली आणि जड होती. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून रोज दोन वेळा पाणी त्यांनीच मारलं होतं.