मागचं ऐकू येतं का?

मी कानाचं मशीन बोलतोय. हसू नका. आजवर मी फक्त ऐकत आलो आणि ऐकलेलं कानात नेऊन पोचवत आलो, स्वतःचं असं एक अक्षर काढलं नाही. दुकानातल्या पाटीवर माझं नाव 'श्रवणयंत्र' असं लिहिलं होतं, पण त्या भारदस्त नावाने मला कुणीही हाक मारली नाही. शिवणाचं मशीन, कपडे धुण्याचं मशीन, तसं मी कानाचं.

मी तयार झालो कारखान्यात, पण तो काही माझा खरा जन्म नव्हे. खरा जन्म झाला एका म्हाताऱ्याच्या डाव्या कानात. दुकानातल्या तपासणीच्या बाईंनी त्याच्या कानात गारगार लगदा भरला, तो घट्ट होईपर्यंत त्याला तोंड हलवू दिलं नाही, आणि त्या साच्यावरून माझा कानात बसायचा भाग घडवला. त्यामुळे साऱ्या जगात मी एकाच कानात बसतो. त्याचा उजवा कान पार कामातून गेलेला, म्हणून माझ्या जोडीला कुणी घेतलं नाही. आमच्यातले बहुतेक जण जोडीने घरी जातात. मी एकटा गेलो.

म्हातारा लिलाववाला होता. "एक वार, दोन वार, तीन वार!" म्हणत हातोडी आपटण्यात त्याचा उभा जन्म गेला. बाजार त्याला 'तीनवार' म्हणायचा, आणि त्याचं खरं नाव त्या हातोडीखाली कधी चेपलं गेलं ते त्यालाही आठवत नसावं.

तपासणीच्या दिवशी बाई म्हणाल्या, "आवाज आला की बटण दाबायचं." तीनवार त्यांच्या चेहऱ्याकडे बघून फटाफट बटण दाबायला लागला. एकही आवाज चुकला नाही. बाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि बटण एकदम मुकं झालं.

"किती वर्षं लपवलंत काका?"

"लपवलं कुठे? कुणी विचारलंच नाही."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. लिलावात बोली कानाने कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकतात. कुणी भुवई उचलतो, कुणी पेन हलवतो, कुणी नुसता ओठ चावतो. चेहऱ्यावरची हाव वाचता आली की झालं, आणि त्यात तीनवारचा हात धरणारा कुणी नव्हता. बोली नीट दिसली नाही तरी तो मान डोलवून अंदाजाने आकडा पुकारायचा आणि वर ओरडायचा, "अजून कोणी? अजून?" बहिरेपण कळलं ते फक्त त्याच्या बायकोला. ती काही न बोलता त्याच्या डाव्या बाजूने चालू लागली. मशीन घ्या म्हणून तिने किती विनवलं, पण म्हातारा दिसेन या भीतीने त्याने कानांवर हात ठेवले.

मी आलो तो ती गेल्यावर.

बाईंनी मला कानामागे अडकवलं तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "यात मागचं ऐकू येतं का?"

"येतं की! पाठीमागून कुणी हळू हाक मारली तरी येईल."

"तसलं मागचं नव्हे हो," तो पुटपुटला, आणि उठला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी गेलो आणि माझाच जीव दडपला. लिलावात आवडलेली वस्तू तीनवार स्वतःच उचलून आणायचा. कपाटांसमोर कपाटं, झुंबरं, पितळी पिंजरे, आणि पाहुण्याला बसायला जागा नाही, कारण प्रत्येक खुर्चीवर दुसरी खुर्ची. भिंतीभर घड्याळं होती आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. बायको म्हणायची म्हणे, या घरात माणसांपेक्षा घड्याळं जास्त. त्याला त्यांची टिकटिक कधी ऐकूच आली नव्हती. मी ती त्याच्या कानात ओतली. दारातच तो थबकला. मग स्टूल घेऊन एकेक घड्याळ बंद करत गेला. शेवटचं थांबलं तेव्हा घरात जी शांतता उरली, ती ऐकवायला माझी गरज नव्हती.

एकट्या माणसाच्या कानात राहणं फार जड असतं. दिवसभर त्याचंच चावणं, त्याचेच उसासे. जेवायला बसला की रिकाम्या खोलीकडे बघून म्हणायचा, "आहे का अजून कोणी?" आधी मला ती थट्टा वाटली.

दर रविवारी दुपारी दुसऱ्या गावाहून लेकीचा फोन यायचा. एकदा ती म्हणाली, "बाबा, आईने शेवटी सांगितलं ना, 'लेकीला म्हणावं, जपून राहा.' मी ते रोज आठवते. त्याच्यावरच दिवस ढकलते."

"हं," तीनवार म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो बायकोच्या पलंगाशी जाऊन बसला. "तू काय म्हणालीस गं?" त्याने मोठ्याने विचारलं, आणि मग तुकड्यातुकड्याने सगळं बाहेर पडलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिने त्याची बाही ओढून काहीतरी सांगितलं. ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. त्याने लिलावात डोलवायचा तशी मान डोलवली, "हो, हो." ती हसली आणि तिने डोळे मिटले. लेक पोचली तेव्हा उशीर झालेला. "आई काय म्हणाली?" म्हणून तिने विचारलं, आणि न ऐकलेली बोली पुकारायची सवय असलेला हा माणूस तिथेही अंदाजाने पुकारून बसला.

आता मला त्याचं 'मागचं' कळलं. जगातली झाडून सगळी मशीनं आणली तरी ते ऐकू येणार नव्हतं.

बायको रविवारी प्रार्थनामंदिरात जायची. हा कधी गेला नाही. रविवार म्हणजे तेव्हा लिलावाचा दिवस. "तुझा देव माझ्याशी बोलत नाही," असं तो तिला चिडवायचा. आता मात्र त्याने कोट झटकला. तिथे कुणाला तरी ठाऊक असेल, एवढीच आशा.

छोटंसं सभागृह, लाकडी बाकं. पहिलं गीत सुरू झालं तेव्हा मीच त्याच्या कानठळ्या बसवल्या. तिथले धर्मगुरू, म्हणजे पाळक, सांगत होते, "ज्याला 'पुरे' म्हणता येत नाही, त्याच्या घरी प्रभूला बसायलासुद्धा जागा नसते." तीनवार दचकला. हा माणूस आपल्या घरी येऊन खुर्च्या बघून गेला की काय, असं त्याला वाटलं असणार.

बायकोच्या बाकावर एक म्हातारी सुईण बसायची. उपासना संपल्यावर त्याने तिला गाठलं.

"ती शेवटी काय म्हणाली असेल, तुम्हाला काही अंदाज?"

"मला काय ठाऊक बाबा? ती इथे बोलायची थोडं, बसायची जास्त."

"देवाकडे मागायची तरी काय?"

"मागायची कशाला? येशूजवळ बसायची. माहेरी आल्यासारखी." सुईण उठायला लागली. "हां, उठताना एक मात्र म्हणायची. तुमच्यासाठी. 'त्याला ऐकू येऊ दे, प्रभू.'"

काय सांगू, माझी छाती फुगली! म्हणजे त्या माउलीच्या प्रार्थनेचं उत्तर मीच की! कानामागून आलो आणि तिखट झालो, असं लोक म्हणाले असते तरी मला चाललं असतं. त्या दिवसापासून मी जीव ओतून काम केलं. तीनवारही दर रविवारी जाऊ लागला. बहुधा त्यालाही वाटलं असावं की नीट कान दिला तर इथेच कुठेतरी ते शब्द सापडतील.

आणि मग ती फजिती झाली. सगळी मंडळी मान खाली घालून शांत बसली होती. तीनवारने तोंड ओंजळीत धरलं, त्याचा तळवा माझ्यावर आला, आणि मी शिट्टी मारली. आमच्या जातीला ती खोडच आहे. झाकलं की आम्ही किंचाळतो. मागच्या बाकावर पोरं खिदळली. तीनवारने घाईने मला काढलं, सेलचं झाकण उघडलं आणि मुठीत आवळलं.

झाकण उघडलं की मी ठार बहिरा. पुढचं मी कानाने सांगू शकत नाही, फक्त मुठीतून सांगतो. ती मूठ जन्मभर हातोडी धरलेली, झोपेतही सैल न होणारी. बराच वेळ ती तशीच आवळलेली होती. मग एकेक बोट सुटत गेलं, आणि शेवटी मी उघड्या तळहातावर पडून होतो, कुणी हलकेच उचललं असतं तरी त्याला कळलं नसतं. तळहात ओला होता.

त्याने मला परत कानात घातलं तेव्हा बाकं रिकामी झाली होती. सुईण तेवढी शेजारी होती.

"ऐकू आलं का काही?" तिने विचारलं.

"शब्द नाही. पण कुणीतरी माझ्या डाव्या बाजूला येऊन बसलं होतं."

"तो बसतोच."

"बाई, जन्मभर मी लोकांच्या बोल्या ऐकल्या. आणि माझ्यावरच कुणीतरी बोली लावली होती. क्रुसावर स्वतःचा जीव टाकून लावली होती. तीच तेवढी मला ऐकू आली नाही." मग तो म्हणाला, "पुरे. पुरे झालं मला." त्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

खरं सांगू? मला वाईट वाटलं. जे ऐकण्यासाठी तिने प्रार्थना केली होती, ते मला काढून ठेवल्यावर ऐकू आलं. उत्तर मी नव्हतोच.

त्याच दुपारी लेकीचा फोन आला. त्याने आधी माझा आवाज पूर्ण वाढवला. "बेटा, ते वाक्य आईचं नव्हतं. माझं होतं. ती बोलली, पण मला ऐकू आलं नाही, आणि मी तुला खोटं सांगितलं."

पलीकडे कुठेतरी नळ ठिबकत होता. तेवढाच आवाज.

"मग आई काय म्हणाली?"

"माहीत नाही गं."

फोन ठेवला गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुपारभर तो फोनशेजारी बसायचा, आणि फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून मला क्षणभरही काढायचा नाही. एवढं एकटं घर मी आधीही पाहिलं नव्हतं. पण एक फरक होता. "आहे का अजून कोणी?" असं तो आता विचारत नव्हता. जेवायला बसताना डावीकडची खुर्ची जरा ओढून ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि मग घास घ्यायचा.

याच दिवसांत त्याने घर रिकामं करायला काढलं. शेवटचा लिलाव स्वतःच पुकारला, पण "अजून कोणी?" न म्हणता, पहिली बोली आली की हातोडी. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागलं. एक झुंबर तेवढं ठेवून घेतलं. "मी काही संत नाही," तो सुईणबाईंना म्हणाला. "एवढं एक सुटत नाही बघा."

एका रविवारी तो प्रार्थनामंदिरात बसलेला असताना कुणीतरी येऊन त्याच्या डाव्या बाजूला बसलं. आईसारखंच, न सांगता. लेक होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मान डोलवलीत तेव्हा आई हसली होती, हे तरी खरं ना?"

"हसली होती. देवाशपथ."

"मग तिला कळलं असेल तुम्हाला ऐकू आलं नाही ते. तिला कधी कळलं नाही असं झालंय का? कळूनच हसली असेल." असं म्हणून तिने त्याची बाही धरली, आणि दोघंही रडली. त्या दिवशी मी जे काही ऐकलं, त्यातला एक हुंदकाही मी गाळला नाही.

आता माझं वय झालं. नळी पिवळी पडलीय, मधूनच खरखर करतो, सेलही भराभर संपतात. परवा त्याने मला दुरुस्तीला नेलं. त्याच बाई. काम झाल्यावर त्यांनी नेहमीचं विचारलं, "काका, अजून काही ऐकायचं राहतंय का?"

"एक राहिलंय," तीनवार म्हणाला. "पण त्याची घाई नाही. ती प्रभूपाशी आहे. तिथे गेलो की तिलाच विचारेन. तिथे मशीन लागत नाही."

बाई हसल्या. त्याने मला कानामागे अडकवलं आणि आम्ही रस्त्याला लागलो.

तुमच्या घरात कुणी हळू बोलणारं असेल, तर मान डोलवू नका. जवळ जा आणि पुन्हा विचारा. मागचं मला ऐकवता येत नाही. माझं म्हणाल तर मी आहे अजून, त्याच्या डाव्या कानात. प्रार्थनेच्या वेळी तो मला काढून बाकावर ठेवतो आणि मी बंद होऊन त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. तिथे मशीन लागत नाही, हे तो किती सहज म्हणाला! खरंच आहे ते. मला मात्र लागलं.