शेजारचं निळं टेबल

मी एक जुना लाकडी बाक आहे. बागेतला नव्हे हो, आणि शाळेतलाही नव्हे. कंबर धरलेली माणसं माझ्यावर पालथी झोपतात. तोंडासाठी माझ्या एका टोकाला गोल भोक आहे, त्यामुळे सगळ्यांचं कण्हणं-कुंथणं आधी मलाच ऐकावं लागतं.

मला एका सुतारानं बनवलं. ताईंनी त्याची कंबर बरी केली, म्हणून त्यानं मला प्रेमानं तासलं. ताई म्हणजे या दवाखान्याच्या फिजिओथेरपिस्ट. त्या तळव्यानं एकेक मणका हलकेच दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. लोक म्हणायचे, "ताई, तुमच्या हाताला गुण आहे." मी मनात म्हणायचो, हाताला आहेच, पण पोटाखाली कोण आहे ते बघा की!

मग ताईंचा धाकटा भाऊ तेच शिकून आला आणि येताना निळं टेबल घेऊन आला. मी बाक, ते मात्र टेबल! पायानं कळ दाबली की वर-खाली होतं. भाऊ माणसाला कुशीवर वळवतो, गुडघा दुमडतो आणि एकच झटका देतो. कट्ट! त्या आवाजानं लोक पार वेडे झाले. "सुटली, कंबर सुटली!" म्हणत उठायचे. मित्रांनो, माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला ती कळ नको होती, तो निळा रंग नको होता. मला तो 'कट्ट' हवा होता.

हळूहळू माझ्यावर माणसांऐवजी टॉवेलांच्या घड्या झोपू लागल्या. एकदा भाऊ म्हणाला, "ताई, हे धूड कशाला ठेवलंयस? शनिवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू." ताई टॉवेलांच्या घड्या घालत राहिल्या. धूड! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

शनिवारी सकाळी बेकरीवाले काका अर्धे वाकलेले आले. पावाचे ट्रे उचलता उचलता कंबर धरली होती. निळ्यावर आधीच एक बाई होत्या, बाहेर रांग होती. ताईंनी माझ्यावरचे टॉवेल उचलले, तर काकांनी नाक मुरडलं.

"इथे? इथे आवाज येत नाही हो."

"आवाज काय खायचाय तुम्हाला? झोपा मुकाट्यानं."

ताई दाबत राहिल्या. शेवटी त्यांनी जरा भार टाकला आणि माझ्या मागच्या पायाचा सैल बोल्ट सरकला. कट्ट! निळ्यापेक्षा मोठा!

"सुटली!" काका ओरडले. उठले, वाकून पाहिलं, चार पावलं चालले. रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काय सुख होतं ते! मी निळ्याकडे असं काही पाहिलं की बस्स.

ताईंनी माझ्या पायाकडे पाहिलं. त्या गप्प राहिल्या असत्या तर माझी चांदी होती. पण नाही!

"काका, तो माझा बाक वाजला. तुमची कंबर नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र गोंधळले. "मग मला बरं कसं वाटतंय?"

भावाचा हात निळ्या टेबलावर तसाच थांबला. "म्हणजे ताई, माझ्याकडचा आवाजसुद्धा..."

"अरे, तुझ्या झटक्यानं लोकांना बरं वाटतं, माझ्या दाबण्यानंही वाटतं. आवाजाचं त्यात काही नाही. दुखणं हलकं झालं की माणूस पुन्हा हलायला लागतो, ते महत्त्वाचं. काका, घरी चालत जा. आडवे पडून राहू नका."

तेवढ्यात भंगारवाला दारात आला. "हाच का बाक?"

भाऊ पाना घेऊन माझ्या पायाशी बसला आणि बोल्ट आवळता आवळता म्हणाला, "नाही दादा, हा वापरातला आहे."

तेव्हापासून मी वाजत नाही. मित्रांनो, घरातली एखादी वस्तू कुरकुरली तर फेकण्याआधी तिचा बोल्ट आवळून बघा. आणि तुमची पाठ कुरकुरली तर तिला निजवून ठेवू नका, जरा फिरवून आणा.

बाकी माझं म्हणाल, तर शेजारून 'कट्ट' आलं की अजून माझ्या पोटात दुखतं. या दवाखान्यात इलाज फक्त कंबरेवर होतो.