मुदत संपायला तीन दिवस

मी एक जुना घडीचा पलंग आहे. पण मित्रांनो, मला घरातला पलंग समजू नका हं! माझ्यावर लोक झोपायला येत नाहीत, पाठ चेपून घ्यायला येतात. (तरी निम्मे घोरतात, ती गोष्ट वेगळी.) माझ्या डोक्याकडे एक गोल भोक आहे. माणूस पालथा झोपला की त्याचं तोंड त्यात बसतं आणि त्याला फक्त फरशी दिसते. मला मात्र सगळं दिसतं, आणि म्हणूनच ही हकीकत सांगायला मी कधीचा उतावीळ झालो आहे.

एका सुताराने माझे पाय केले, वर स्पंज घातला आणि निळं रेक्झिन ताणून बसवलं. मला घेतलं आमच्या ताईने. ताई मालिश करते. तिने त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि मालिशवाल्यांच्या संघटनेची परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळवलं होतं. ते भिंतीवर लावताना तिने स्टुलावर चढून चार वेळा सरळ केलं. मी तर नुसता फुशारून गेलो होतो.

सहा वर्षं आम्ही दोघांनी जीव तोडून काम केलं. शिंपी, स्वयंपाकी, शिक्षिका, क्रेनवाला, किती पाठी सांगू! सगळे ताईच्या हातांचं कौतुक करायचे. माझ्या स्पंजाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एका कोपऱ्यात माझं रेक्झिन फाटलं, तिथे ताईने चिकटपट्टी मारली आणि विसरून गेली. थोडं वाईट वाटलं, पण असो.

अडचण होती त्या प्रमाणपत्राची. त्याची मुदत सहा वर्षांची. ती संपायच्या आत नाव नोंदवायचं, तीन दिवस वर्गाला बसायचं आणि पुन्हा परीक्षा द्यायची. सक्ती मात्र कुणाचीच नाही. ज्याला वाटेल त्याने करावं. शेजारच्या खोलीत मालिश करणारी चष्मेबाई आपलं प्रमाणपत्र नुकतंच नवं करून आली होती आणि रोज ताईच्या मागे लागत होती.

"शुक्रवार शेवटचा हं. नोंदवलंस का नाव?"

"नाही, आणि नोंदवणारही नाही," ताई म्हणायची. "माणसं रांग लावून उभी असतात माझ्या दारात. भिंतीकडे बघतंय कोण? आणि जे येतंय तेच पुन्हा काय शिकायचं?"

मीही मनात म्हणायचो, बरोबर बोललीस ताई!

मंगळवारी पोस्टमनकाका आले. हे आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. दोन दिवस बसमध्ये बसून ते मुलीकडून परतले होते.

"डाव्या पोटरीत गोळा आलाय बघ," पालथे होत ते म्हणाले. "चांगली रगड आज. ओरडलो तरी सोडू नकोस!"

ताई हसली. तळहातावर तेल घेऊन तिने पोटरीला हात लावला. "अगंबाई, गरम लागतेय की! थांबा, आत्ता मोकळी करते." तिने दोन्ही अंगठे रोवायला घेतले, तेवढ्यात चष्मेबाई टॉवेल मागायला आत आली आणि दारातच थबकली.

"हात काढ!"

मित्रांनो, माझे चारही पाय लटलटले! ताईचे अंगठे हवेतच राहिले.

"अगं, झालं काय?"

"दोन्ही पाय बघ. नुसते बघ."

डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच सुजलेली होती, लालसर दिसत होती. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. अशा पायात शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि वरून रगडलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. माणूस जागच्या जागी दगावू शकतो!

"अरे, मला कुणी सांगेल का काय चाललंय?" काका भोकातून ओरडले.

दोघींनी त्यांना पाऊलभरही चालू दिलं नाही. शेजारच्या वाण्याकडून त्याच्या म्हाताऱ्या आईची चाकांची खुर्ची मागून आणली आणि त्यांना तडक दवाखान्यात नेलं. संध्याकाळी निरोप आला. गुठळीच होती! वेळेवर औषध सुरू झालं, काका वाचले. मी आनंदाने उडीच मारणार होतो, पण घडीच्या पलंगाने उडी मारली की तो मिटतो.

ताई माझ्या कडेला टेकली.

"हे मला शिकवलं होतं गं," ती चष्मेबाईला म्हणाली. "पेपरात लिहिलं होतं मी. पैकीच्या पैकी मार्क होते. पण सहा वर्षांत असा पाय कधी आलाच नाही. माहीत होतं, हाताला आठवलं नाही."

"मला तरी कुठे आठवलं असतं? गेल्या महिन्यात वर्गात पुन्हा वाचलं म्हणून."

ताईने डोळे पुसले. "फॉर्म कुठाय?"

परीक्षेला आपापला पलंग न्यायचा होता. गाडीच्या टपावर बसून मी पहिल्यांदाच गाव पाहिलं! तिथे माझ्यावर एक अनोळखी माणूस येऊन पालथा झाला. ताई उभीच. हात लावेना, काही करेना. परीक्षक घड्याळाकडे बघू लागले. मला घाम फुटायचाच बाकी होता.

"बाई, सुरू करा ना!"

"केलंय की," ताई म्हणाली. "आधी बघतेय."

परीक्षकांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. ताई पास झाली, मित्रांनो!

तुम्हीही मोठे होऊन कुठलं ना कुठलं काम शिकाल आणि त्यात तरबेज व्हाल. पण कुणी सक्ती केली नाही तरी ते पुन्हा एकदा शिकायला बसत जा. तुमच्या हाती विश्वासाने जीव सोपवणारा माणूस तुम्हाला कधी विचारत नाही, सगळं आठवतंय ना म्हणून. ते तुमचं तुम्हालाच विचारावं लागतं.