अजून आम्ही बोललोच नाही

इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या बोळाच्या टोकाला तिची खोली होती. आजाराने किंवा शस्त्रक्रियेने ज्यांची वाचा गेली त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवी. स्वतः मात्र इतकी मितभाषी, की रुग्णांनी गमतीने तिचं नाव 'बोलकी बाई' ठेवलं होतं, आणि ती कानावर पडलं तरी न पडल्यासारखं करी.

अलीकडे तिच्याकडे रंगाच्या कारखान्यातली माणसंच जास्त येत. कुणाचा आवाज चिरकलेला, कुणाचा पार बसलेला. त्यांत सर्वांत वाईट अवस्था मुकादमांची होती. हौदखात्यात यंत्रांच्या घरघरीवरून ज्यांची हाक थेट फाटकापर्यंत पोचायची, त्या माणसाचं स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं होतं. आता ते मानेतल्या छिद्रातून श्वास घेत आणि त्यावर काकू, म्हणजे त्यांची बायको, रोज स्वच्छ धुतलेला पांढरा रुमाल बांधून देत. हवा गिळायची, ती ढेकरेसारखी वर आणायची आणि तिच्यावर शब्द बसवायचा, अशी विद्या बाई त्यांना शिकवत होती. खूप खटपटीनंतर त्यांच्या तोंडून एक 'प' तेवढा निघे.

"जन्मभर जेवल्यावर ढेकर दिली की मी डोळे वटारायची," काकू म्हणत, "आता म्हणते, द्या हो, दिवसभर द्या!" आणि मुकादम आवाज न करता पोट धरून हसत.

हौदांतल्या वाफेने कामगारांचे घसे जातात, ही कुजबुज जुनीच होती. ती एकदा कारखान्याच्या व्यवस्थापकापर्यंत गेली तेव्हा त्याने वर्तमानपत्रात छापून आणलं, की आजवर एकही कामगार याबद्दल अवाक्षर बोललेला नाही. दुसऱ्याच दिवशी फाटकासमोर माणसं जमली आणि त्या गर्दीतून उत्तर उठलं, 'अजून आम्ही बोललोच नाही!' आठवड्याभरात ते भिंतींवर चढलं, बसच्या पाठीवर धुळीत बोटाने लिहिलं गेलं, आणि मधल्या सुट्टीत पोरं ते ओरडत एकमेकांना पकडू लागली.

बाईने या साऱ्याकडे पाठ केली होती. इस्पितळाची नवी इमारत कारखान्याच्या देणगीतून उभी राहिली होती, आणि मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "आपण उपचार करावेत. निदानं गावभर वाटत फिरू नये." तिनेही मान डोलावली होती.

मग एका दुपारी एक वार्ताहर मुलगी तिच्या खोलीत आली. घोषणा पहिल्यांदा कोणी दिली, ते ती शोधत होती.

"सगळे मुकादमांचं नाव घेतात. त्यांची गाठ घालून द्याल?"

"अहो, त्यांना कंठच नाही," बाई म्हणाली. "कुणीतरी तुमची चेष्टा केली असेल."

"एकाने केली असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण ज्याला विचारावं तो सांगतो, आवाज मुकादमांचाच. आणि एक आणखी विचित्र गोष्ट. आपण स्वतः घोषणा दिली, असं कुणीच म्हणत नाही. सगळ्यांनी ती फक्त ऐकली आहे."

बाईने ते हसण्यावारी नेलं. पण काकूंना विचारल्यावर त्या हसल्या नाहीत. रुमालाची घडी घालता घालता म्हणाल्या, "मी तर रोज त्या आवाजासाठीच जाते फाटकावर. तुम्हीच येऊन बघा की."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती गेली. उन्हात माणसं दाटीवाटीने उभी होती आणि पुढे, फाटकाच्या गजांना पाठ टेकून, मुकादम. तिने शिकवणाऱ्याच्या नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले. रुमाल जराही हलत नव्हता. तेवढ्यात घोषणा उठली. शंभर तोंडांच्या घोषणेत असतो तो मागेपुढे होणारा कल्लोळ तिच्यात नव्हता. तो एकच आवाज होता, भरदार, किंचित खर्जातला, 'नाही'वर मुद्दाम रेंगाळणारा. आणि तो सगळीकडून येत होता. काकूंनी डोळे मिटून तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

बाईने शेजारच्या रिक्षावाल्याला विचारलं, "तुम्ही ओरडलात का आत्ता?"

"मी? छे हो!" तो बसक्या आवाजात म्हणाला. "माझा घसा परवापासून बसलाय. का बसलाय, देव जाणे."

त्या दिवसापासून ती रोज तो आवाज आठवून बघी. भीती वाटायला हवी होती. पण कितीतरी वर्षांनी खिडकी उघडल्यासारखं वाटे.

अखेर फाटकावरची गर्दी वाढत गेली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. समिती इस्पितळात आली. लांब टेबलामागे तीन सदस्य, बाजूला मोठे डॉक्टर, भिंतीशी काकू. मुकादमांना समोरच्या खुर्चीत बसवलं होतं. बाईने मनाशी वाक्य तयार ठेवलं होतं, 'निश्चित असं काही सांगता येणार नाही.' मोठ्या डॉक्टरांना ते चाललं असतं.

"या गृहस्थांना काही सांगायचं आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते बोलू शकत नाहीत," बाई म्हणाली, आणि ते दाखवायला तिने दोन बोटं मुकादमांच्या गळ्यावर, रुमालाच्या वर ठेवली.

"अजून आम्ही बोललोच नाही."

अध्यक्षांचं पेन तसंच वर राहिलं. बोटांखालचा गळा निश्चल होता. मुकादम मान वर करून तिच्याकडे बघत होते, आणि हसत होते.

त्यानंतर त्याच भरदार, खर्जातल्या आवाजात बाई बोलत राहिली. वाफ कशी चढते, आधी काय सुजतं, कुणाचा आवाज कधी गेला, खात्यामागून खातं, माणसामागून माणूस. मोठे डॉक्टर दोनदा खाकरले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. अध्यक्षांनी एकदाही तिला अडवलं नाही, आणि निघताना हौद त्याच दिवशी बंद करण्याचा आदेश दिला.

बाहेर आवारात ती बातमी पोचली तेव्हा माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. बाई बोळात येऊन भिंतीला टेकली. घसा खरखरत होता. काकू तिच्यामागोमाग आल्या, पण नवऱ्यासाठी थांबल्या नाहीत. सरळ तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, लग्नाला नुकतेच चार दिवस झालेल्या मुलीसारख्या लाजल्या आणि हळूच म्हणाल्या,

"एकदा माझ्या नावाने हाक मारा ना."