निसटलेला हात

दिवसभर स्टुडिओत ती कार्टूनच्या जाहिरातींसाठी हसरे दात आणि नाचणारे साबण काढायची. पोटासाठी माणूस काय काय नाचवतो! पण घरी आली, की खाली दिवा असलेल्या काचेवर कागद ठेवून एकच प्रसंग काढत बसायची. धुरानं भरलेला जिना, खाली धावणाऱ्या दोघी, आणि सुटलेला हात. त्या आगीतून ती धडधाकट बाहेर आली होती. मागे राहिलेली नणंद मात्र भाजली. वाचली, पण उजवा हात कायमचा आखडला.

मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आठवतं ते काढत जा, मन हलकं होईल." हलकं कसलं, डोंबल! कागदांचा ढीग वाढला आणि झोप उडाली. तिच्या चित्रांत हात घामानं निसटायचा, पण कागद एकामागून एक पडद्यावर पळवले की सगळं खोटं दिसायचं. बोटं नुसती तरंगायची. हालचाल जमेना तर ती आधी स्वतः करून बघायची, असा त्यांच्या धंद्यातला रिवाज. पण एकटीनं कुणाचा हात धरणार? नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, बहीण म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याला कळलं तर? नणंदेलाच कळलं तर?

आणि त्या रविवारी नणंदच न सांगता दारात हजर. टेबल आवरायलाही सवड मिळाली नाही.

"हे काय गं? जिना?"

तिनं घाईघाईनं कागद पालथे घातले. "काही नाही ताई, कामाचंच आहे."

"लपवतेस काय? चालव बघू."

तिनं चित्रं चालवली. दोघी धावल्या, हात निसटला. नणंदेनं पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

"चुकलंय," नणंद म्हणाली. "हात निसटला नव्हता. तू झटकलास."



"तुम्हाला... माहीत होतं?"

"माझाच हात होता ना गं तो?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर भावाचा संसार मोडला असता. राग तर असा होता, की तुझं तोंड बघू नये. आणि आज हे खोटं बघून तो परत चढलाय, सांगून ठेवते."

ती हुंदके देऊ लागली.

"डोळे पूस आधी, कागद भिजतील!" नणंद खेकसली. खुर्ची ओढून बसली आणि तिनं आखडलेला हात पुढे केला. "धर. तेव्हा झटकलास तसाच झटक, आणि बघून नीट काढ."

तिनं हात धरला. वाकलेली बोटं तिच्या बोटांत धड बसेनात.

"अगं, झटक की!"

तिच्यानं झटकवेना.